नवीन पिल्लू घरी आणलंय? ट्रेनिंगबद्दल सांगली-मिरजेत कायम विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर, कुठंही फिरा, दोन-चार गल्ल्यांआड एखाद्या गेटजवळ साखळीला बांधलेलं कुत्रं दिसतंच. घरच्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, अंगावर उड्या मारतो, पोरांना चावतो, सोडला की पळतो, मग बांधणार नाही तर काय करणार. ही माणसं वाईट नसतात, हौसेनं आणलेलं असतं पिल्लू, पण ते बारकं होतं तेव्हा त्याला कसं वागायचं हे कुणी शिकवलंच नाही आणि मोठं झाल्यावर ते झेपेना. माझं म्हणणं साधं आहे, सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत रोज थोडा थोडा वेळ दिला तर ते कुत्रं पुढची दहा-बारा वर्षं माणसांत राहतं, नाही दिला तर बहुतेक वेळा साखळीवर जातं.

दोनच महिन्यांचं पिल्लू आहे, एवढ्यात ट्रेनिंगची काय घाई? मोठं झाल्यावर शिकेल की.

मोठं झाल्यावर पण शिकतं, पण तोपर्यंत बरंच काही आपलं आपण शिकून बसलेलं असतं ना. तुम्ही शिकवा नाहीतर शिकवू नका, पिल्लू रोज शिकतंच असतं. भुंकलं की कुणीतरी येऊन बघतं, उडी मारली की लाड होतात, चप्पल पळवली की अख्खं घर मागं धावतं म्हणजे त्याच्या दृष्टीनं मस्त खेळ सुरू झाला. दोन महिन्यांच्या पिल्लाची उडी गोड वाटते, तेच लॅब्रेडोर वर्षाचं होऊन 30 किलोचं झालं आणि आजीच्या अंगावर गेलं की ओरडा त्याला बसतो, आणि त्याला कळतच नाही की कालपर्यंत चालत होतं ते आज का चालत नाही.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या आयुष्यात एक काळ असतो, त्यात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं आणि त्याचा काही त्रास झाला नाही, ते त्याला पुढं नॉर्मल वाटतं, आणि जे बघितलंच नाही त्याची भीती बसायची शक्यता वाढते. अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीमध्ये जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्या दोघांनी कित्येक वर्षं वेगवेगळ्या जातींच्या पिल्लांवर काम करून हे दाखवून दिलं होतं. आता हिशोब करा, पिल्लू घरी येतं आठव्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या हातात उरतात चार ते सहा आठवडे. घाई आहे ती ह्याची.

मग अजून लवकर, महिन्याचंच आणलं तर जास्त चांगलं ना?

नाही, अजिबात नको. आपल्याकडं 30-35 दिवसांची पिल्लं सर्रास देतात, लहान आणलं की लळा लागतो म्हणतात. 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या केंद्र सरकारच्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे आणि ते बरोबरच आहे. आई आणि भावंडांबरोबर खेळताना पिल्लू किती जोरात चावायचं ते शिकतं, जास्त जोरात चावलं की समोरचं भावंड कळवळून खेळ सोडून जातं, आई दम देते. हे शिक्षण माणसाला तितकं नीट देता येत नाही. महिन्याचं आणलेलं पिल्लू पुढं फार चावतं अशी तक्रार घेऊन येणारे लोक बरेच असतात.

डॉक्टर म्हणाले लसी पूर्ण झाल्याशिवाय बाहेर काढू नका. मग लोकांची, गाड्यांची सवय कशी लावायची?

डॉक्टरांचं चुकत नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग आपल्याकडं आहेत, पार्व्होचा व्हायरस मातीत कित्येक महिने टिकतो आणि भटक्या कुत्र्यांचा वावर असेल तिथं पिल्लाला खाली सोडणं म्हणजे खरंच धोका आहे. पण खाली सोडू नका म्हणजे घरात कोंडून ठेवा असं नाही. कडेवर घ्या. गाडीत बसवून खिडकीतून दाखवा. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची प्राण्यांच्या वर्तनावर काम करणारी एक संस्था आहे, तिनं 2008 मध्येच सांगितलंय की पहिली लस आणि जंताचं औषध होऊन सात दिवस झाले असतील तर स्वच्छ जागी, लसी झालेल्या कुत्र्यांबरोबर पिल्लाचे क्लास सुरू करायला हरकत नाही, कारण नीट सवयी न लागल्यामुळं पुढं होणारं नुकसान पण छोटं नसतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, पण हा प्रश्न त्यांना विचारा तरी.

संध्याकाळी कडेवर घेऊन विश्रामबाग चौकाच्या बाजूला दहा मिनिटं लांबूनच उभं राहा. बस, रिक्षा, बुलेट, हॉर्न. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, काठी टेकत येणारे टोपीवाले आजोबा, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली मावशी, शाळा सुटल्यावर ओरडत पळणारी पोरं. प्रत्येक नव्या गोष्टीला एक बारीक खाऊ. पिल्लू अंग चोरायला लागलं, शेपूट आत घेतली, खाऊ घेईना, की थोडं लांब जा, बळजबरी करून दाखवत बसू नका. घरी मिक्सर, प्रेशर कुकरची शिट्टी, व्हॅक्युम हे पण ह्याच काळात होऊन जाऊ दे.

अजून एक, पंजे, कान, तोंड, शेपटीखाली रोज हात लावायची सवय लावा, लगेच खाऊ द्या. पुढं गोचीड काढायला, नखं कापायला, डॉक्टरांनी तोंड उघडून बघायला चार माणसं धरायला लागत नाहीत.

आमचे वडील म्हणतात कुत्र्याला धाक पाहिजेच, चप्पल दाखवल्याशिवाय ऐकत नाही. खरंय का?

वडिलांच्या पिढीत सगळीकडं हेच होतं त्यामुळं त्यांना दोष देऊ नका, पण नाही, खरं नाही.

'घरात आपण बॉस आहे हे कुत्र्याला दाखवलं पाहिजे' ही कल्पना आली कुठून तर लांडग्यांवरून. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं बघून लिहिलं की कळपात वरचढ होण्यासाठी सारखी मारामारी चालते. पुढं डेव्हिड मीच ह्यांनी जंगलातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघितले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की तिथला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब, तिथं अशी गादीची भांडणं नसतात. आणि कुत्रा तर लांडगा पण नाही, हजारो वर्षं माणसांबरोबर राहिलेलं जनावर आहे ते. त्यामुळं पिल्लाला उताणं पाडून दाबून धरणं, मानगूट धरून हलवणं, आपण जेवल्याशिवाय त्याला न देणं, ह्यातून ते तुम्हाला मालक मानायला लागत नाही, फक्त घाबरतं. मघाशी सांगितलेल्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संस्थेनंच 2021 मध्ये परत सांगितलंय की बक्षीस देऊन शिकवणं हीच पद्धत वापरा, मार, शॉक, खिळ्यांचा पट्टा नको.

आणि धाकाचा खरा तोटा लगेच दिसत नाही. गुरगुरल्यावर मारलं की कुत्रं गुरगुरणं बंद करतं, घरचे खूष होतात, पण आतली भीती तशीच राहिलेली असते, फक्त त्यानं आधी सांगायचं सोडून दिलेलं असतं. मग एक दिवस ते थेट चावतं आणि सगळे म्हणतात अचानक चावलं हो, काहीच कारण नव्हतं. गुरगुरणं ही सूचना आहे, ती ऐकायची, तिथून पोराला बाजूला घ्यायचं आणि कशामुळं झालं ते बघायचं.

'नाही' म्हणायचंच नाही असं मात्र नाही. नको ते करताना थांबवा, तिथून उचला, वस्तू बाजूला ठेवा, आणि त्याऐवजी काय करायचं ते दाखवा.

सुरुवात कशापासून करायची? शेकहँड शिकवला तर चालेल का?

शेकहँड नंतर कधी पण शिकेल. आधी नाव, मग ये, सोड, थांब, बस. ह्यातलं प्रत्येक जीव वाचवणारं आहे म्हणून हा क्रम.

नाव म्हणजे 'माझ्याकडं बघ'. एकदाच हाक मारा, बघितलं की खाऊ. ब्रूनो ब्रूनो ब्रूनो असं वीस वेळा म्हणत राहिलात तर नाव म्हणजे नुसता आवाज होऊन जातो. आणि रागावताना नाव घेऊ नका.

'ये' हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात दोघं जण पाच-सहा फुटांवर समोरासमोर बसा, आळीपाळीनं बोलवा, आलं की खाऊ आणि भरपूर कौतुक. मग दोन खोल्यांत, मग गच्चीवर, मग लांब दोरी बांधून मोकळ्या मैदानात. नियम एकच, बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला कधीही वाईट अनुभव द्यायचा नाही. तासभर भटकून आला तरी रागवायचं नाही, कारण तो आला ह्याचीच शिक्षा झाली असं त्याला वाटतं. आंघोळ घालायची, औषध पाजायचं असेल तर बोलवू नका, तुम्ही जाऊन घेऊन या. मैदानात नुसतं घरी जायच्या वेळेलाच हाक मारलीत तरी तेच, 'ये' म्हणजे खेळ संपला हे ते बरोबर ओळखतं, म्हणून मध्येमध्ये बोलवा, खाऊ द्या आणि परत खेळायला सोडा.

'सोड' आपल्या जिल्ह्यात तर हवंच हवं. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, ह्या पट्ट्यात घराघरात बेदाणे असतात, आणि द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत, किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं त्यामुळं 'दोन-चारानं काय होतंय' म्हणू नका, खाल्ले असतील तर तडक डॉक्टर. त्यात शेतात, उसाच्या कडेला घोणस आणि नाग. पुढं सळसळणाऱ्या गोष्टीवरून तुमच्या एका शब्दावर मागं वळणारं कुत्रं आणि न वळणारं कुत्रं ह्यात काय फरक आहे ते मी वेगळं सांगायला नको. शिकवायचं असं, मुठीत साधा खाऊ धरा, पिल्लू चाटेल, पंजा मारेल, गप्प बसा, ज्या क्षणी ते तोंड मागं घेईल त्या क्षणी 'सोड' म्हणून दुसऱ्या हातातून त्याहून भारी खाऊ द्या. ते तोंड काढून वाट बघायला लागलं की मूठ पुढं करायच्या आधीच 'सोड' म्हणायचं, मग खाऊ उघड्या तळहातावर, मग जमिनीवर पायाखाली झाकून. तोंडातली वस्तू सोडवायची असेल तर ओढाताण करू नका, अदलाबदल करा, एक वस्तू दिली की दुसरी मिळते हे कळलं की वस्तू गिळून टाकायची सवय लागत नाही.

'थांब' गेटवर शिकवा. गेट उघडायला हात लावला की पिल्लू पुढं येतं, मग हात काढा. मागं थांबलं की गेट थोडं उघडा, पुढं आलं की बंद. बोलायची पण गरज नाही. चार दिवसांत ते गेटसमोर थांबायला लागतं, मग त्याला शब्द जोडा. 'बस' तर आपोआप येतं, खाऊ नाकावरून डोक्याच्या मागं नेला की बूड टेकतंच, खाली दाबायला लागत नाही.

रोज किती वेळ?

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसात चार-पाच वेळा. चहा उकळेपर्यंत एकदा, जेवणाआधी एकदा. पिल्लू दिवसातले 18-20 तास झोपतं आणि ते तसंच झोपू दे, झोप न झालेलं पिल्लू जास्त चावतं.

खाऊ देऊन शिकवलं तर लालची होईल, खाऊ नसेल तर ऐकणार नाही असं म्हणतात.

खाऊ आधी दाखवून मग काम सांगितलं तर तसं होतं. काम आधी, खाऊ नंतर, आणि खाऊ खिशात किंवा मागं टेबलावर ठेवलेला. एकदा नीट जमलं की दर वेळी देऊ नका, कधी खाऊ, कधी बॉल, कधी नुसतं 'शाब्बास रे'.

तुकडा हरभऱ्याएवढा पुरे. उकडलेलं चिकन बिनमीठ बिनमसाला, उकडलेलं अंडं, पनीर, गाजर, शाकाहारी घरात फुटाणे पण चालतात थोडे. दिवसभरात जेवढा खाऊ गेला तेवढं जेवण कमी करा. दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. चॉकलेट नाही, कांदा-लसूण नाही कारण त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणजे आपलं भडंग पण नाही, त्यात लसूण असतोच आणि पाहुणे प्रेमानं ताटलीतून देतात. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, वाईट वाटलं तरी चालेल.

घरात मी 'सिट' म्हणतो, आई 'खाली बस' म्हणते, पोरगी इंग्लिशमध्ये बोलते. गोंधळ होतो का?

होतो. भाषा कोणती पण चालेल, शब्द एकच पाहिजे. कागदावर लिहून फ्रिजला लावा. आणि शब्दांपेक्षा नियम जास्त जपा, सोफ्यावर चालतं की नाही हे सगळ्यांनी मिळून एकदा ठरवा, बाबा घरात नसताना चालतं असलं काही ठेवू नका.

शी-शू बाहेर करायची सवय कधी लागेल? फिनेलनं पुसून पुसून कंटाळलो.

साधारण हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास अधिक एक, एवढाच वेळ ते धरू शकतं, ते पण जास्तीत जास्त. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराची अपेक्षा ठेवू नका. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळून झालं, ह्या तीन वेळांना लगेच ठरलेल्या जागी न्या, तुम्ही पण उभे राहा, केलं की जागेवरच खाऊ. घरात आल्यावर दिला तर कशाचा मिळाला ते कळत नाही. घरात झालं आणि तुम्ही नंतर बघितलं तर नाक घासणं, ओरडणं बंद करा, त्याला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही, उलट ते तुमच्यापासून लपून सोफ्यामागं करायला शिकतं. काळं फिनेल पिल्लाच्या पायाला, तोंडाला चांगलं नाही, वासासाठी पेट शॉपमध्ये एंझाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, वास उरला की ते तिथंच परत जातं.

सारखं चावतं, हाताला ओरखडे आलेत. रागीट निघालं का?

नाही हो. दुधाचे दात पडून पक्के दात यायला चौथ्या महिन्यापासून सुरुवात होते, सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं, हिरड्या सळसळतात. खेळात जोरात चावलं की 'आई गं' म्हणून खेळ बंद, उठून अर्धा मिनिट दुसरीकडं जा, परत या. ओल्या फडक्याला गाठ मारून फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या, मात्र लक्ष ठेवा फडकं खात नाही ना. शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार फुटतात. हातानं खेळवू नका, पोरांनी बोटं नाचवली की ते बोटंच धरणार. पाच-सहा वर्षांचं पोरगं आणि पिल्लू ह्यांना एकटं सोडायचं नाही, कितीही गरीब असलं तरी, आणि पोरांना पण शिकवायचं की जेवताना, झोपताना त्याला हात लावायचा नाही.

उसाचे ट्रॅक्टर आले की पलंगाखाली जातं. दिवाळीत काय होणार?

हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रात्री-अपरात्री रस्त्यानं जातात, त्यात गणपतीत ढोल, लग्नात बँजो, डॉल्बी, म्हणजे आपल्याकडं आवाजाची सवय लावण्यावाचून गत्यंतर नाही. मोबाईलवर फटाक्याचा, ढोलाचा आवाज एकदम बारीक लावा, जेवण द्या. दोन-तीन दिवसांनी थोडा मोठा. पिल्लू खाणं सोडून कान टवकारायला लागलं की तुम्ही घाई केलीत, परत कमी करा. ऐन दिवाळीत शिकवायला जाऊ नका, त्या रात्री आतली खोली, पंखा, टीव्ही चालू, पडदे बंद, आणि ते तुमच्याजवळ आलं तर खुशाल जवळ घ्या. लाड केल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे.

रस्त्यावर पट्टा ओढतं, भटकी कुत्री अंगावर येतात.

ओढलं की तुम्ही झाडासारखं उभं राहायचं. पट्टा सैल झाला की चालायचं. पहिले काही दिवस गल्लीचं टोक पण गाठणार नाही, गाठायचं पण नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस घ्या. भटक्या कुत्र्यांच्या ठरलेल्या जागा असतात, तो रस्ता टाळा, पहाटे जा, ती दिसली की लांबूनच वळा, दगड मारून आपल्या पिल्लासमोर भांडण उभं करू नका. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याला पण सोसत नाही.

आम्ही दोघं नोकरीला जातो, दिवसभर एकटं राहील का?

पहिल्याच दिवशी आठ तास नाही. दोन मिनिटं बाहेर जाऊन या, मग पाच, मग पंधरा, जाताना निरोप नाही आणि आल्यावर दंगा नाही. पण खरं सांगू का, पहिले दोन-तीन महिने दुपारी कुणी घरी येणार नसेल तर पिल्लू आणू नका, मोठं झालेलं शांत कुत्रं दत्तक घ्या.

गावठी पिल्लू आहे, कारवान आहे, ह्यांना ट्रेनिंग होतं का? की ते लॅब-जर्मन शेफर्डचंच काम?

होतं, आणि चांगलं होतं. गावठी पिल्लू हुशार असतं, परिस्थिती बघून वागायची त्याची सवयच असते, फक्त ते अनोळखी गोष्टींना बिचकतं म्हणून तो सुरुवातीचा काळ जास्त जपा. कारवान, मुधोळ, जत-विजापूरकडचे हे उभे-पातळ शिकारी कुत्रे नजरेनं शिकार करणारे, लांबवर काहीतरी हललं की पाय आधी पळतात आणि कान नंतर उघडतात. ते हट्टी नाहीत, शेकडो वर्षं त्यांना त्याचसाठी वाढवलंय. त्यांना 'ये' शिकवायला जास्त वेळ द्या आणि हायवेजवळ, मोकळ्या रानात दोरीशिवाय सोडू नका. 2016 मध्ये मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात ट्रेनिंगला गेली होती, तेव्हा देशी कुत्रं शिकत नाही हे डोक्यातून काढा.

शिराळा, वाळव्याकडं रानात वस्ती असेल तर अजून एक. बिबट्या वस्तीवरची कुत्री उचलतो, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता पण येत नाही. अंधार पडला की हाकेसरशी आत येणारं कुत्रं करा आणि रात्री बंद जागेत झोपवा.

सगळं शिकलं होतं, आठव्या महिन्यात एकदम ऐकायचं बंद झालं. विसरलं का?

विसरलं नाही, वयात आलं. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं होतं की आठ महिन्यांची कुत्री स्वतःच्या माणसाचं 'बस' पहिल्यासारखं ऐकत नाहीत पण परक्या माणसाचं ऐकतात! घरात वयात आलेलं पोरगं असेल तर तुम्हाला हे नवीन नाही. बरेच लोक नेमकं ह्याच वयात हात टेकतात आणि साखळी आणतात, मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचं वाटतं कारण थोडे महिने धरून राहिलं असतं तर गाडी रुळावर आली असती. परत सोप्यापासून सुरू करा, दोरी परत लावा, खाऊ परत वाढवा. नसबंदीबद्दल डॉक्टरांशी ह्याच सुमाराला बोलून घ्या.

पुराचा आणि ट्रेनिंगचा काय संबंध?

सांगलीत राहून हा प्रश्न पडायला नको खरं तर. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोका पातळी, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, 2021 मध्ये परत पूर आला. बोटीतून माणसं निघतात तेव्हा घाबरून उड्या मारणारं, अनोळखी माणसाला हात लावू न देणारं कुत्रं बोटीत घेणार कोण? नदीकाठच्या भागात राहत असाल तर पिल्लाला पिंजऱ्यात किंवा मोठ्या क्रेटमध्ये शांत बसायची, तोंडाला जाळी लावून घ्यायची, परक्या माणसानं उचलायची सवय आत्ताच लावा. क्रेटमध्येच जेवण द्या म्हणजे ती त्याची आवडती जागा होते. आणि पाणी वाढताना कुठल्याही जनावराला बांधून ठेवून घर सोडू नका, अगदीच नेता आलं नाही तर निदान सोडून द्या.

ट्रेनरकडं महिनाभर ठेवलं तर?

शिकलेलं कुत्रं ट्रेनरचं ऐकतं, तुम्ही शिकला नसाल तर घरी आल्यावर परत पहिल्यासारखं. घरी येऊन तुम्हाला शिकवणारा ट्रेनर बघा. तुमच्यासमोर शिकवायला नको म्हणणारा, खिळ्यांचा पट्टा वापरणारा, पंधरा दिवसांत गॅरंटी देणारा नको.

चावलं आणि तक्रार झाली तर?

आधी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्या माणसाला लगेच सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी न्या, पैसे लागले तर तुम्ही भरा. पिल्लाची पहिली रेबीजची लस तीन महिन्यांना, मग डॉक्टर सांगतील तशी, कार्ड जपून ठेवा. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. फ्लॅटवाल्यांसाठी, प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकाप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, पण लिफ्टमध्ये पट्टा, शी उचलणं आणि रात्रीचं भुंकणं आटोक्यात ठेवणं तुमचं काम.

आमचा तीन वर्षांचा आहे, पहिल्यापासून बांधलेलाच. आता उशीर झाला?

पिल्लापेक्षा वेळ जास्त लागेल, पण उशीर झाला म्हणून सोडू नका. एकदम मोकळा सोडायचा नाही, तो सैरावैरा पळेल. आधी डॉक्टरांना दाखवा, गळ्याला साखळीच्या जखमा असतात, गोचीड असतात. मग रोज दोनदा हार्नेस घालून लांब दोरीवर फिरवा, पहिला आठवडा काहीच शिकवू नका, त्याला नुसतं हुंगू दे. गेटजवळून जाणाऱ्या माणसावर भुंकायच्या आधी, माणूस लांब असतानाच, खाऊ द्यायला सुरुवात करा. नाव आणि 'ये' वर सांगितलं तसंच. अंगावर धावून जाणारा, आधी कुणाला चावलेला असेल तर एकट्यानं करू नका, जाळी वापरा आणि वर्तन कळणाऱ्या पशुवैद्यकाला गाठा. आणि संध्याकाळी अर्धा तास त्याच्याजवळ पोर्चमध्ये जाऊन बसा, फोन घरात ठेवून.